चावी, पंप, दूध, गोळी: रोजचं विसरणं आवरायचं कसं?

प्रश्न थोडक्यात असा: वय ४७, राहायला फोंड्याला, नोकरी पणजीला. घरात सासूबाई, नवरा आणि दहावीतली मुलगी. गेलं वर्षभर चावी जागेवर सापडत नाही, दूध उतू जातं, टाकीचा पंप चालूच राहतो, थायरॉइडची गोळी घेतली की नाही ते आठवत नाही. स्वयंपाकघरात गेल्यावर कशाला आले तेच सुचत नाही आणि ओळखीच्या माणसाचं नाव ऐन वेळी तोंडात येत नाही. स्मरणशक्ती जायला लागली का? बदाम, ब्राह्मी घेऊन फरक पडेल का, की काही सवयी लावता येतील?

ताई, आधी धीराची गोष्ट सांगतो. तुमच्या यादीतल्या बऱ्याच गोष्टी आठवणीतून पुसल्या गेलेल्या नाहीत, त्या आठवणीत उतरल्याच नव्हत्या. पावसात भिजत घरी पोचता तेव्हा एका हातात छत्री, दुसऱ्या हातात भाजीची पिशवी, खांद्याला पर्स, त्यात फोन वाजतोय आणि आतून सासूबाईंची हाक येतेय. त्या क्षणी चावी फ्रिजवर ठेवली जाते, पण लक्ष तिकडे नसतं. लक्ष नसेल तर नोंद होत नाही, आणि जिची नोंदच नाही ती गोष्ट डोक्याला कितीही ताण दिला तरी आठवत नाही. एका वेळी मनात किती गोष्टी धरून ठेवता येतात याचा अंदाज अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जॉर्ज मिलर यांनी १९५६ मध्ये सात, दोन कमी किंवा दोन जास्त, असा मांडला. नेल्सन कोवन यांनी २००१ मध्ये तो साधारण चारवर आणला. उंबरठ्यावरच्या त्या अर्ध्या मिनिटात चाराहून जास्त गोष्टी तुमच्या अंगावर येत असतात. तिथे तरुण माणसाचीही चावी हरवते.

पंप, दूध आणि गोळी यांचं विसरणं वेगळ्या जातीचं. पंप बंद करायचा असतो हे तुम्हाला पक्कं ठाऊक असतं, फक्त ते हव्या त्या मिनिटाला आठवत नाही. आणि नाव न आठवणं हा तिसरा प्रकार. तिथे नोंद झालेली असते, पण ती वर यायला वेळ लागतो. तिन्हींचे उपाय वेगवेगळे आहेत. ‘स्मरणशक्ती वाढवणारी’ म्हणून विकली जाणारी एकच गोष्ट तिन्हींवर चालेल अशी आशा धरू नका. बदाम पौष्टिक आहेत, जरूर खा. ब्राह्मीची गोळी किंवा काढा सुरू करायचा असेल तर थायरॉइडचं औषध चालू आहे हे सांगून डॉक्टरांना विचारूनच करा. पण तुमच्या तक्रारींवर खरा उपाय म्हणजे आठवणीचं ओझं डोक्यातून काढून काम जिथे होतं त्या जागेवर ठेवणं.

चावीपासून सुरू करू, कारण तिथे फळ सगळ्यात लवकर दिसतं. दारातून आत आल्यावर एक पाऊलही जास्त न टाकता हात पोचेल अशी एक जागा ठरवा. उंची कमरेपासून खांद्यापर्यंत. तिथे झाकण नसलेला, रुंद तोंडाचा वाडगा किंवा परडी ठेवा. झाकण, ड्रॉवर, चेन असलेली पिशवी नको. ठेवायला एक हालचाल जास्त लागली की घाईत ती टाळली जाते आणि चावी पुन्हा फ्रिजवर जाते. वाडग्यात चारच वस्तू ठेवायच्या: घराची चावी, गाडीची चावी, पाकीट, चष्मा. पाचवी नाही. पंधरा दिवसांत त्या वाडग्यात सुटे पैसे, बिलं, रबरबँड, मुलीच्या क्लिपा साठायला लागतात आणि मग चावी वाडग्यात असूनही दिसत नाही. ही सवय मोडण्याचं सगळ्यात मोठं कारण हेच. दर रविवारी वाडगा उलटा करून रिकामा करा. हुक लावणार असाल तर पितळेचा किंवा प्लास्टिकचा घ्या. आपल्या दमट हवेत साधा लोखंडी हुक गंजतो, चावीला डाग पडतात आणि माणूस नकळत तो वापरणं सोडतो. व्हरांड्यातल्या खिडकीच्या गजांजवळ चावी टांगू नका, ती बाहेरून हाताला लागते.

पण नुसता वाडगा ठेवून भागत नाही. चावी हरवते ती हात रिकामा नसल्यामुळे. म्हणून पावसाळ्यात छत्रीची आणि रेनकोटची सोय दाराच्या बाहेर, पडवीत करा. छत्री बाहेर अडकवायची, पिशवी सोप्यावर (बाहेरच्या बाकावर) ठेवायची, मग रिकाम्या हाताने दार उघडायचं आणि तोच हात सरळ वाडग्याकडे न्यायचा. चार महिने हा क्रम पाळला तर उरलेले आठ महिने तो आपोआप चालतो. घरातल्या सगळ्यांची जागा एकच असू द्या. नवऱ्याने तुमची चावी उचलून दुसरीकडे ठेवली तर तुमची सवय कितीही पक्की असली तरी उपयोग नाही.

घरातून निघताना डोळ्यांनी तपासू नका, हाताने तपासा. पर्समध्ये डोकावून ‘हो, आहे’ म्हणणं फसवं असतं, कारण कालचंच चित्र डोळ्यांपुढे असतं. वस्तूला बोट लावायचं आणि तिचं नाव तोंडाने घ्यायचं: चावी, मोबाईल, पाकीट, चष्मा, डबा. एका हाताची पाच बोटं, पाच वस्तू, क्रम रोज तोच. कुणी मध्येच बोललं तर परत पहिल्या बोटापासून. मधूनच पुढे चालू केलं की ज्या वस्तूवर थांबला होता नेमकी तीच राहते.

एखाद्या दिवशीच न्यायच्या वस्तूसाठी ही मोजणी चालत नाही, तिच्यासाठी वाट अडवावी लागते. उद्या फाइल न्यायची असेल तर ती आज रात्रीच हेल्मेटात ठेवा. हेल्मेट घातल्याशिवाय स्कूटर निघत नाही, त्यामुळे फाइल हातात येतेच. फ्रिजमधलं काही न्यायचं असेल, आईकडे द्यायचं लोणचं किंवा साफ करून ठेवलेली सुंगटं (कोळंबी), तर गाडीची चावीच रात्री त्या डब्यावर फ्रिजमध्ये ठेवा. वाडग्याचा नियम मोडायला अशा खुणेपुरतीच सवलत. सकाळी वाडग्यात चावी नाही हे दिसताच फ्रिज आठवतो. मात्र घरातल्यांना आधी सांगून ठेवा, नाहीतर कुणीतरी ‘चावी फ्रिजमध्ये कशी?’ म्हणत ती काढून जागेवर ठेवील.

पंपाबद्दल माझं मत स्पष्ट आहे. जिथे यंत्र काम करू शकतं तिथे माणसाची आठवण खर्च करू नये. टाकी भरली की पंप आपोआप बंद करणारा फ्लोट स्विच किंवा पाण्याची पातळी ओळखणारा कंट्रोलर इलेक्ट्रिशियन बसवून देतो. खाली संप (जमिनीखालची टाकी) किंवा विहीर असेल तर खालचं पाणी संपल्यावरही पंप थांबेल असा घ्या, कारण कोरडा चाललेला पंप जळतो. पाणी वाया जाण्यापेक्षा ते नुकसान मोठं. यंत्र बसवेपर्यंत असं करा: स्विचशेजारी एक छोटा हुक लावा आणि पंप चालू केल्याबरोबर घराची चावी वाडग्यातून काढून त्या हुकावर टांगा. चावी तिथे आहे म्हणजे पंप चालू आहे, आणि चावीशिवाय बाहेर जाता येत नाही.

आपल्याकडे पावसाळ्यात आणखी एक गोष्ट घडते. पंप चालू असताना वीज जाते. घरात शांतता होते, पंप बंद आहे असं मन मानतं आणि स्विच तसाच राहतो. दोन तासांनी वीज येते तेव्हा घरी कुणी नसतं. त्यामुळे वीज गेली की लगेच एकदा उठून पंप, गिझर, इस्त्री या तिघांचे स्विच बंद करायचे. पंखा थांबला की उठायचं, असं पक्कं ठरवून टाका. इन्व्हर्टरवर पंखे चालत असतील तर फ्रिजची घरघर थांबणं ही खूण धरा.

दुधाचं तसंच. गॅसपासून लांब जाताना हातात काहीतरी घेऊन जायचं: डाव, उलथणं, पातेल्याचं झाकण, काहीही. हॉलमध्ये फोनवर बोलताना हातात डाव दिसला की चूल आठवते. डाव कुठे टेकवायचा मात्र नाही. टेकवला की खूण गेली. दुसरा उपाय टायमरचा. फोनचा टायमर चालतो, पण फोन स्वयंपाकघरात आणि तुम्ही मागच्या अंगणात कपडे वाळत घालताय, असं झालं की तो फुकट. मंद आचेवरच्या पदार्थाला ५ मिनिटांहून जास्त वेळ एकटं सोडणार असाल तर टायमर पदराला, कमरेला, खिशात, म्हणजे अंगावरच हवा. आणि टायमर वाजला की आधी चुलीपाशी जायचं, मग तो बंद करायचा. उलट केलंत तर ‘आलेच’ म्हणून बंद केलेला टायमर पुन्हा कधीच वाजत नाही. दुधासाठी दुहेरी भिंतीचा, शिट्टी वाजणारा दूध कुकर मिळतो, तो घ्यावा. त्यात दूध लागत नाही आणि शिट्टी घरभर ऐकू जाते. फक्त त्याच्या दोन भिंतींमधल्या जागेत पाणी भरायला विसरू नका. म्हणून कुकर धुऊन ठेवतानाच पाणी भरून ठेवायचं.

आता गोळी. इथे विसरण्याच्या दोन चुका होतात आणि दोन्ही वाईट: न घेणं, आणि घेतलेली पुन्हा घेणं. रोज त्याच जागी, त्याच पद्धतीने केलेल्या कृतीची वेगळी आठवण उरत नाही, कालची आणि आजची एकमेकींत मिसळून जाते. त्यामुळे ‘घेतली का’ हा प्रश्न आठवणीला विचारायचाच नाही, डबीला विचारायचा. सात दिवसांचे कप्पे असलेली गोळ्यांची डबी औषधाच्या दुकानात मिळते. ती रविवारी रात्री, टीव्ही बंद करून, डॉक्टरांची चिठ्ठी समोर ठेवून भरायची. आजचा कप्पा रिकामा असेल तर गोळी घेतली. भरलेला असेल तर राहिली. सासूबाईंना सकाळ, दुपार, रात्र अशा गोळ्या असतील तर तीन ओळींची डबी घ्या आणि ती त्यांनी नव्हे, घरातल्या एकाच ठरलेल्या माणसाने भरावी. दोघं भरतात तिथे गोळी दुप्पट पडते.

भरताना एक काळजी घ्या. काही गोळ्या ओल धरतात आणि पाकिटातून काढून ठेवल्या तर खराब होतात. पाण्यात विरघळणाऱ्या गोळ्या, फिटसाठीचं व्हॅलप्रोएट, रक्त पातळ करणारं डॅबिगाट्रान ही त्यातली उदाहरणं. जून ते सप्टेंबर आपल्याकडच्या हवेत हे जास्तच. अशा गोळ्या डबीत नको. पाकिटाच्या मागे मार्करने वार लिहा आणि त्याप्रमाणे फोडा. कोणती गोळी सुटी ठेवता येते ते औषध देणाऱ्या फार्मासिस्टला विचारा. डबी स्वयंपाकघरात चुलीजवळ किंवा फ्रिजवर ठेवू नका, तिथे गरमी असते.

थायरॉइडची गोळी उपाशीपोटी, चहा-कॉफीच्या अर्धा ते एक तास आधी, नुसत्या पाण्याबरोबर घ्यायची असते. लोह किंवा कॅल्शियमची गोळी तिच्यापासून ४ तास लांब. त्यामुळे हिला चहाशी जोडून चालत नाही. पोदेराचा (पाववाल्याचा) हॉर्न ऐकला की गोळी, असं ठरवणारे खूप जण आहेत, आणि कल्पना चांगली आहे, पण पोदेर एखाद्या दिवशी लवकर येतो, एखाद्या दिवशी येतच नाही. खूण अशी हवी की ती रोज, न चुकता, कामाच्या आधी आणि कामाच्या जागेवरच येते. दात घासणं तशी आहे. थायरॉइडची डबी ब्रशच्या शेजारी, कोरड्या फळीवर, सोबत पाण्याची छोटी बाटली. न्हाणीघरात वाफ साठत असेल तर बाहेरच्या बेसिनजवळ.

ठरलेल्या वेळेला गोळी घेतली की नाही याची खात्रीच नसेल आणि डबीही वापरलेली नसेल, तर मनाला समाधान म्हणून पुन्हा घेऊ नका. साखरेच्या आणि रक्त पातळ करणाऱ्या औषधांच्या बाबतीत दुसरी मात्रा धोक्याची ठरू शकते, तर फिटच्या औषधाची मात्रा चुकणं धोक्याचं असतं. प्रत्येक औषधाचा नियम वेगळा असतो. तो डॉक्टरांना आधीच विचारून डबीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला लिहून ठेवा.

‘कुलूप लावलं का’ हाही गोळीसारखाच प्रश्न. कुलूप लावताना किल्ली फिरवत मोठ्याने म्हणा: ‘मंगळवार, कुलूप लावलं.’ वार बोलल्यामुळे आजची कृती कालच्यापासून वेगळी पडते. बस स्टँडवर शंका आली की तो आवाज आठवतो. गॅसचं बटण बंद करतानाही असंच. पण तपासायचं एकदाच. नेदरलँड्समधल्या मार्सेल फान डेन हाउट आणि मेरेल किंट या संशोधकांनी २००३ मध्ये लोकांना संगणकावरची गॅसची शेगडी पुन्हापुन्हा तपासायला लावली. तपासण्याची फेरी वाढली तशी त्यांची आठवण धूसर झाली आणि आपल्याच आठवणीवरचा विश्वास कमी झाला, मात्र आठवण बरोबर असण्यात फारसा फरक नव्हता. म्हणजे दाराशी चारदा परत गेल्याने खात्री वाढत नाही, शंका वाढते. तपासल्याशिवाय पाऊल पुढे पडतच नाही आणि त्यात रोज बराच वेळ जातो, असं होत असेल तर तो विसरभोळेपणा नाही. मानसोपचारतज्ज्ञांकडे जावं, त्यावर चांगले उपचार आहेत.

नवी सवय लावताना वाक्य कसं रचता याला महत्त्व आहे. ‘मी आता लक्षात ठेवणार’ या निश्चयाने काही होत नाही. जर्मन मानसशास्त्रज्ञ पीटर गोल्विट्झर यांनी १९९९ मध्ये मांडलेली पद्धत साधी आहे: अमुक झालं की तमुक करीन. ‘पंप चालू केला की चावी हुकावर.’ ‘ऑफिसमध्ये संगणक बंद केला की डब्याला हात.’ ‘ढवळीकरांच्या दुकानासमोर आले की दूध’ इतकं नेमकं, म्हणजे तुमच्या वाटेवरचं जे दुकान असेल त्याचं नाव घालून. वेळेपेक्षा घटना चांगली. ‘सहा वाजता औषध आणीन’ हे सहा वाजले हे कळण्यावर अवलंबून आहे. ‘कदंब बसमधून उतरले की उजवीकडचं औषधाचं दुकान’ हे तसं नाही.

कामांची यादी विषयानुसार लिहू नका, जागेनुसार लिहा. एक पान ‘पणजी’, एक ‘फोंडा’, एक ‘वाटेवर’. आपल्याकडे बरीचशी दुकानं दुपारी एकपासून तीन-चारपर्यंत बंद असतात. त्यामुळे कामापुढे ‘१ च्या आधी’ किंवा ‘४ नंतर’ असं लिहिलं नाही तर काम आठवतं ते दार बंद असताना, आणि पुन्हा राहतं. प्रत्येक नोंदीत क्रियापद आणि लागणारी वस्तू दोन्ही हवीत. ‘वीज’ असं लिहिलं तर तीन दिवसांनी त्याचा अर्थ लागत नाही. ‘वीजबिल भरायचं, जुनं बिल बरोबर’ असं लिहा. वही एकच ठेवा, पर्समध्ये मावेल इतकी. आणि यादी पाहायच्या दोन वेळा ठरवा: सकाळचा चहा आणि ऑफिस सुटताना. यादी लिहून न पाहणं ही यादी न लिहिण्याइतकीच सर्वसाधारण चूक आहे. फ्रिजवर चिकटवलेले कागद आठवडाभराने दिसेनासे होतात, ते फ्रिजचाच भाग होतात. कागद लावायचाच असेल तर दाराच्या कडीजवळ, डोळ्यांच्या उंचीवर, एका वेळी एकच, आणि काम झालं की त्याच क्षणी काढून टाका.

फोनचे अलार्म दिवसाला तीनच्या वर गेले की कान त्यांना सरावतो आणि बोट न वाचता बंद करतं. अलार्मच्या नावात पूर्ण वाक्य लिहा, आणि तो अशा वेळेला लावा की तुम्ही काम करण्याच्या जागेवर असाल. बसमध्ये वाजलेला ‘गिझर बंद कर’ फक्त जीव घाबरा करतो. प्रवासाचा अलार्म लावताना विमानतळाचं नाव लिहायला चुकू नका. ५ जानेवारी २०२३ पासून मोपाचा विमानतळ सुरू झाला आणि आता गोव्यात दोन आहेत. तिकिटावर ‘जीओआय’ असेल तर दाबोळी, ‘जीओएक्स’ असेल तर मोपा. फोंड्याहून दोन्हींच्या वाटा वेगळ्या दिशेला जातात.

झेरॉक्सच्या मशीनमध्ये मूळ कागद राहणं ही चूक इतकी सार्वत्रिक आहे की तिचा स्वतंत्र अभ्यास झाला आहे. जे हवं ते, म्हणजे प्रत, हातात आली की मन काम संपलं असं धरतं, उरलेली शेवटची पायरी गळते. म्हणूनच अनेक एटीएम आधी कार्ड परत देतात आणि मग पैसे. रहिवासी दाखल्यासाठी कागद घेऊन फिरताना हीच युक्ती आपण करायची: झेरॉक्सला कागद देताना गाडीची चावी मशीनच्या झाकणावर ठेवायची. बाजारातून परतताना नग मोजायचे. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात सात ठिकाणी खरेदी होते, सात पिशव्या होतात. शक्य तितक्या एका मोठ्या पिशवीत घाला आणि बसमध्ये चढताना ‘तीन नग, एक छत्री’ असं मनाशी नव्हे, ओठांनी म्हणा. उतरताना तेवढेच मोजा. छत्री समोरच्या सीटच्या दांड्याला अडकवू नका. ती तिथेच राहते.

वर्षातून एकदाच करायच्या कामांची यादी काम झाल्यावर लगेच लिहावी. चवथीची सामानाची, माटोळीची (गणपतीवर टांगायच्या फळा-भाज्यांची) यादी विसर्जनानंतर दोन दिवसांत लिहा. काय कमी पडलं, ऐन वेळी कशासाठी धावपळ झाली हे तेव्हाच ताजं असतं. पुढच्या श्रावणात नव्याने आठवत बसायची गरज राहत नाही.

खोलीत गेल्यावर ‘कशाला आले’ हे विसरणं अगदी निरोगी मेंदूतही घडतं. गॅब्रिएल रॅडव्हान्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये दाखवलं की दार ओलांडल्यावर लोक आधीच्या खोलीतली गोष्ट जास्त विसरतात. जागा बदलली की मन नवं पान उघडतं. उठतानाच ‘कात्री’ एवढं बोलून निघा. तरी विसरलात तर जिथून उठलात तिथे परत जा, बहुधा आठवतं.

नावांसाठी: नवी ओळख झाली की पहिल्या अर्ध्या मिनिटात ते नाव एकदा बोलून वापरा, एका मिनिटाने मनात काढून बघा, मग पाच मिनिटांनी, मग निरोप घेताना. ऐकून पाठ होत नाही, आठवून काढल्याने होतं. आपल्याकडे माणूस गावाने आणि वाड्याने ओळखला जातो, त्याचा फायदा घ्या. नुसतं ‘सुषमा’ न ठेवता ‘प्रियोळच्या सुषमा, देवळाजवळच्या’ असं ठेवा. देवळापासून सुरुवात केली की नाव येतं. जिभेवर अडकलेलं नाव ताण देऊन येत नाही. विषय बदला, ते थोड्या वेळाने येतं.

यातलं सगळं एकदम सुरू करू नका. पहिले तीन आठवडे फक्त वाडगा आणि गोळ्यांची डबी. लंडनमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी केलेल्या आणि २०१० मध्ये छापून आलेल्या अभ्यासात सवय अंगवळणी पडायला साधारण ६६ दिवस लागले, कुणाला १८, तर कुणाला २५४ दिवस लागतील असा अंदाज निघाला. एखादा दिवस चुकल्याने फारसं नुकसान झालं नाही. त्यामुळे दोन दिवस चावी फ्रिजवर गेली म्हणून सोडून देऊ नका.

पण सवयी लावायच्या आधी एक तपासणी करून घ्या, कारण वर्षभरात झालेला बदल तुम्हाला स्वतःला जाणवतो आहे. थायरॉइडचं औषध चालू असेल तर टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी), जोडीला बी १२ जीवनसत्त्व, हिमोग्लोबिन आणि साखर. थायरॉइड कमी पडला तर विचार मंदावतात. शिवराक (शाकाहारी) जेवणाऱ्यांमध्ये, तसंच मधुमेहावरचं मेटफॉर्मिन किंवा ॲसिडिटीच्या गोळ्या वर्षानुवर्षं घेणाऱ्यांमध्ये बी १२ कमी सापडतं, आणि ती कमतरता भरून निघते. सर्दी-ॲलर्जीच्या जुन्या पद्धतीच्या, झोप आणणाऱ्या गोळ्या (क्लोरफेनिरामिनसारख्या) लक्ष बोथट करतात, सासूबाईंच्या वयात तर फारच. पाळी जायच्या सुमारास झोप मोडते, अंगातून वाफा येतात आणि विसरणं वाढतं. हे तुमच्या वयाला लागू आहे, डॉक्टरांना सांगायला संकोच करू नका. झोप सात तासांच्या खाली असेल, घोरणं मोठं असेल आणि सकाळी उठल्यावरही थकवा असेल, किंवा मन कित्येक आठवडे उदास असेल, तर वाडगे आणि डब्या अपुऱ्या पडतील. सासूबाईंच्या बाबतीत कानही तपासा. जे नीट ऐकूच आलं नाही ते ‘सांगून विसरल्या’ या खात्यात जातं.

चावी कुठे ठेवली हे विसरणं साधं. चावीचा उपयोग काय हेच न कळणं साधं नाही. रोजच्या वाटेवर हरवणं, तासाभरात तोच प्रश्न चार वेळा विचारणं, आयुष्यभर केलेल्या हुमणाची (माशांच्या आमटीची) कृती अध्येमध्ये तुटणं, पैशांचा हिशेब न जमणं, आणि हे माणसाला स्वतःपेक्षा घरच्यांना जास्त खटकणं, असं दिसलं तर मेंदूविकारतज्ज्ञांकडे जायचं. बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात ती सोय आहे. काही तासांत किंवा एक-दोन दिवसांत अचानक गोंधळ उडाला, बोलणं अडखळलं, हातपाय कमजोर झाला, तर वाट न पाहता रुग्णवाहिकेसाठी १०८ ला फोन करा. वयस्क माणूस काही आठवड्यांपूर्वी पडला असेल आणि आता सुस्त किंवा गोंधळलेला वाटत असेल तरीही त्याच दिवशी दाखवा.

डॉक्टरांकडे जाताना घरातल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं, काढ्यांच्या आणि सर्दीच्या गोळ्यांसकट, एका पिशवीत घालून न्या. गेल्या महिन्यातल्या विसरण्याच्या पाच-सहा घटना तारखेसह वहीत लिहून ठेवा: काय विसरलं, त्या वेळी आणखी काय चाललं होतं, नंतर आपोआप आठवलं का. आणि रोज तुमच्याबरोबर राहणारं एक माणूस सोबत घ्या.